बाहेर उणे सात, मधे तांब्याचा बंब : बीजिंगमधला हॉट पॉट आणि घरची माणसे

शिशिरपान (धागाकर्ती)

संक्रांतीनंतरच्या रविवारी बीजिंगमध्ये भर दुपारी उणे ७ अंश तापमान होते आणि उत्तरेकडचा कोरडा वारा खिडक्यांवर आदळत होता. साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेली माझी आई शाल आणि कानटोपी घेऊन घरात बसली होती. खरे तर तिला घरात इतके पांघरून बसण्याचे कारण नव्हते, कारण बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात शहराच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून गरम पाणी घरोघरी खेळवले जाते आणि घरे उबदार राहतात. पण खालचे गोठलेले तळे आणि त्यावर घसरत खेळणारी मुले नुसती पाहिली, तरी तिला हुडहुडी भरत असे.

आमच्या समोरच्या घरात एक वयस्कर जोडपे राहते. माझी मुले त्यांना चिनी रीतीप्रमाणे नाईनाई आणि येये, म्हणजे आजी आणि आजोबा, म्हणतात आणि मुलांमुळे आम्हीही तसेच म्हणू लागलो आहोत. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा पाचही जणांना 'शुआन यांगरौ' खायला बोलावले. यांगरौ म्हणजे मेंढीचे मांस आणि शुआन या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ 'विसळणे' असा आहे. आपण पालेभाजीची जुडी पाण्यात जशी हलवून काढतो, तसा मांसाचा पातळ काप उकळत्या पाण्यात हलवून काढायचा आणि खायचा. चिनी भाषेत ज्याला ह्वोग्वो, म्हणजे अग्निपात्र, म्हणतात आणि आपण हॉट पॉट या नावाने ओळखतो, त्याचा हा बीजिंगचा अवतार आहे.

टेबलाच्या मधोमध तांब्याचे भांडे होते. त्याच्या मध्यातून एक धुराडे वर आलेले, धुराड्याच्या पोटात लालबुंद कोळसा आणि सभोवती कड्यासारख्या खोलगट भागात पाणी. आईने ते पाहिले मात्र, ती म्हणाली, "अगं, हा तर आपला बंब!" आणि तो खरोखरच बंब होता. आमच्या साताऱ्याच्या न्हाणीघरात माझ्या लहानपणी आंघोळीच्या पाण्याचा जो तांब्याचा बंब होता, त्याची रचना हीच होती. फक्त तो उभा आणि मोठा होता, हा बसका आणि तोंड उघडे असलेला. आईने लागलीच मला दोन प्रश्न विचारायला लावले : याला आतून कल्हई केली आहे का, आणि आधी पाणी घालतात की आधी विस्तव? येयेंनी हातातले काम थांबवून आईकडे नीट पाहिले. भांड्याला आतून कथलाचा थर दिलेला आहे, असे ते म्हणाले, आणि पाणी भरल्याशिवाय निखारा कधीही टाकायचा नाही, नाहीतर झाळलेले सांधे सुटतात, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. मी भाषांतर करायच्या आधीच आई मान डोलावू लागली होती, कारण बंबाचाही नियम तोच आहे.

पाण्यात आल्याच्या चकत्या, पातीच्या कांद्याचे तुकडे, थोडा सुका जवळा आणि चार लाल चिनी बोरे, एवढेच. ज्यांनी हॉट पॉट म्हणजे तिखटजाळ लाल तेलाचा रस्सा असे चित्र मनात धरले आहे, त्यांना हे पाणी अगदीच फिके वाटेल. पण बीजिंगच्या माणसांचे म्हणणे असे, की मांस चांगले असेल तर त्यावर मसाल्याचे पांघरूण कशाला? या प्रकारासाठी प्रसिद्ध असलेले 'दोंगलायशुन' हे उपाहारगृह १९०३ मध्ये दिंग दशान या हुई मुस्लिम गृहस्थांनी लावलेल्या एका छोट्या टपरीतून वाढले, आणि तेथील कापणाऱ्यांची ख्याती अशी, की मांसाच्या कापाखालून बशीवरची नक्षी दिसावी. येयेंचे काप तितके पातळ नव्हते. मात्र त्यांनी मांस अर्धवट गोठवून स्वतःच्या हाताने कापले होते, आणि ताजे मांस कसे ओळखावे हे दाखवण्यासाठी त्यांनी बशी उभी धरली, तेव्हा एकही काप खाली घसरला नाही.

खरी चव बाजूच्या वाटीत असते. पांढऱ्या तिळाची दाट पेस्ट नाईनाई चमचा-चमचा पाणी घालत, एकाच दिशेने, चांगली दहा मिनिटे घोटत होत्या. पेस्ट आधी फुटल्यासारखी दिसते आणि मग अचानक मऊ, सायीसारखी होते. त्यात आंबवलेल्या टोफूचे लालसर खारट पाणी, चिनी लसणीच्या पातीच्या फुलांची हिरवी चटणी आणि कोथिंबीर. सोबत गोडसर मुरवलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि तीळ लावून भाजलेल्या जाड रोट्या होत्या. रोटी हातात घेऊन आई म्हणाली, "आत्ता चार दिवसांपूर्वी भोगीची भाकरी केली असती, तर अशीच दिसली असती." हवेत गारठा आला की तीळ पोटात गेला पाहिजे, हे साताऱ्यातही ठरलेले आहे आणि बीजिंगमध्येही. नाईनाईंचे उष्ण-थंडचे गणितसुद्धा आईच्या गणिताशी तंतोतंत जुळले : मेंढीचे मांस उष्ण, चिनी कोबी आणि टोफू थंड, म्हणून दोन्ही एकाच भांड्यात.

आधी चरबीचे काप, म्हणजे पाण्याला अंग येते, मग बिनचरबीचे, मग कोबी, मशरूम, गोठवलेला टोफू आणि सगळ्यात शेवटी शेवया. एका वेळी एकदोनच काप टाकायचे, नाहीतर पाण्याची उकळी बसते. काप टाकला, मनात दहा मोजले, लाल रंग जाऊन करडा झाला, की बाहेर, तिळाच्या वाटीत, तोंडात.

आता ज्यासाठी हा धागा काढला, ते लिहिते. माझ्या आईचे आयुष्य "भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे" या नियमाने गेले. आम्ही पंगतीला बसायचो आणि ती चुलीशी, नंतर गॅसशी. तिची स्वतःची भाकरी शेवटची असायची आणि तोवर रस्सा निवलेला असायचा. कितीही आग्रह केला, तरी ती मधे बसत नसे, कारण ती बसली तर गरम वाढणार कोण? त्या रविवारी पहिल्यांदा मी तिला सगळ्यांबरोबर बसून, वाफेत चष्मा धुरकट झालेला असताना, स्वतःच्या हाताने शिजवलेला कढत घास पहिल्याच मिनिटाला तोंडात घालताना पाहिले. उठायला जागाच नव्हती, कारण चूलच टेबलावर आली होती. दोन तास ती जागची हलली नाही. माझ्या धाकट्याला लाव्ह्याची अंडी झाऱ्याने काढून देण्याचे काम तिने स्वतःहून घेतले. पण ते बसून.

आपल्यापैकी चीनमध्ये किंवा इतरत्र ज्यांनी थंडीत घरच्यांबरोबर असे जेवण केले असेल, त्यांनी आपले अनुभव आणि कृती सविस्तर लिहाव्यात, अशी विनंती आहे.

कोकणकडा

बंबाची तुलना वाचून फार आनंद झाला. मी शांघायला चार हिवाळे काढले आहेत, पण मी लिहिणार आहे ते तिरफळाबद्दल.

सेचुआनी हॉट पॉटच्या चवीला 'मा-ला' म्हणतात. 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे बधिर करणारे. हा बधिरपणा ज्या मसाल्यातून येतो, त्याला ह्वाजिआओ म्हणतात. माझ्या सहकाऱ्यांना वाटले होते, की पहिल्या घासाला मी दचकेन. मी दचकले नाही, मला रडू आले, कारण ती चव माझ्या मालवणच्या आजीच्या बांगड्याच्या तिरफळाची होती. घरी येऊन शोधले तेव्हा कळले, की तिरफळ आणि ह्वाजिआओ ही दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली झाडे आहेत आणि लिंबाच्या कुळात मोडतात. वापरण्याची रीतही एकच आहे : आतले काळे बी काढून टाकायचे आणि वरचे उकललेले टरफल तेवढे घ्यायचे. गोव्यात आणि तळकोकणात तिरफळ आमटीत पडते तेव्हा ते वाटत नाहीत, नुसते ठेचून घालतात. हॉट पॉटमध्येही ह्वाजिआओचे अख्खे दाणे तरंगत असतात.

ओठांना जी झिणझिणी येते, ती निव्वळ कल्पना नाही. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की ह्वाजिआओ ओठाला लावल्यावर माणसाला सेकंदाला सुमारे ५० वेळा कंप पावणाऱ्या वस्तूच्या स्पर्शासारखी जाणीव होते. ज्याने ताजे तिरफळ चावले आहे, त्याला हा आकडा लगेच पटेल.

मिरची मात्र दोघांकडेही पाहुणी आहे. ती अमेरिका खंडातून आली, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मार्फत आणि चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तिरफळ आणि ह्वाजिआओ ही मूळची घरची माणसे. मी आता मुंबईला हॉट पॉट करते तेव्हा ह्वाजिआओ मिळाले नाही तर बिनदिक्कत तिरफळ घालते. त्याचा वास अधिक रानटी असतो, म्हणून निम्मे घालावे.

सोनटक्का

धागा आवडला. परंतु दोन अडचणी मांडते, आणि त्या मी मनापासून मांडते आहे.

पहिली, आम्ही शाकाहारी आहोत. माझा मुलगा सेचुआनमधल्या चंग्तूला शिकायला आहे आणि पुढच्या डिसेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. एका भांड्याभोवती बसायचे, तर आम्ही काय खायचे? मधे पडदा असलेले भांडे मिळते असे तो सांगतो.

दुसरी अडचण उष्ट्याची आहे. प्रत्येकजण तोंडात घातलेली काडी पुन्हा त्याच भांड्यात घालणार, हे माझ्या सासूबाईंच्या तर सोडाच, माझ्याही पचनी पडत नाही. उकळत्या पाण्यात काहीही उरत नाही, असे मुलगा म्हणतो. त्याचे शास्त्र बरोबर असेल, पण लहानपणापासून ज्याला आपण उष्टे म्हणत आलो, ते उकळून शुद्ध होते असे आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

शिशिरपान

सोनटक्का, तुमच्या दोन्ही शंका माझ्या आईच्याही होत्या, म्हणून नीट उत्तर देते.

उष्ट्याबाबत आधी. निघण्यापूर्वी मी नाईनाईंना संकोचत हे सांगितले, तर त्यांना नवल वाटले नाही. त्यांच्याकडे 'कोंगख्वाय', म्हणजे सार्वजनिक चॉपस्टिक, ही पद्धत आहेच आणि करोनाच्या साथीनंतर तिचा आग्रह पुष्कळ वाढला आहे. टेबलावर लांब चॉपस्टिकच्या दोन वेगळ्या जोड्या आणि जाळीचे छोटे झारे ठेवले होते. भांड्यात फक्त तेच जायचे आणि आपली काडी आपल्या वाटीपुरती. कच्च्या मांसाला लागलेली काडी तोंडात जाऊ नये, यासाठीही हे आवश्यक आहे, त्यामुळे हा निव्वळ आपल्या सोवळ्याचा हट्ट आहे असे कुणाला वाटायला नको. तरीही मन घेत नसेल, तर बीजिंगमध्ये अनेक ठिकाणी माणशी एक छोटे भांडे देतात.

शाकाहाराबाबत मात्र मी पडद्याच्या भांड्याचा सल्ला देणार नाही. त्या भांड्याला युआनयांग म्हणतात. युआनयांग ही जोडीने राहणारी बदके आहेत, आणि भांड्यात एका बाजूला तिखट, दुसऱ्या बाजूला सौम्य रस्सा असतो. दिसते सुरेख, पण उकळी वाढली की इकडचे तिकडे उडतेच. तुम्ही स्वतंत्र भांडेच मागा. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे : सेचुआन आणि चोंगछिंगकडच्या लाल रश्श्याचा पाया बहुधा गाईबैलाची चरबी असतो, त्यामुळे वर तरंगणाऱ्या भाज्या पाहून तो शाकाहारी समजू नये. दुकानातल्या तयार मसाल्याच्या पुड्यांवर मुलाकडून 'न्यूयोउ' हा शब्द शोधून घ्या. तो असेल तर ती पुडी चरबीची. 'छिंगयोउ' लिहिले असेल तर वनस्पती तेलाची, पण तिचेही बाकीचे घटक वाचून घ्यावेत. टोमॅटोचा किंवा मशरूमचा रस्सा घेतलात, तरी त्यात हाडांचे पाणी नाही ना, हे विचारावेच लागते. सर्वांत निश्चिंत मार्ग म्हणजे घरी आले, टोमॅटो आणि सुक्या मशरूमचे पाणी स्वतः उकळणे. कमळाच्या देठाच्या चकत्या, कोहळा, बटाटा, टोफूची साय, समुद्री शेवाळ, शेवंतीच्या कुळातली थोंगहाव नावाची सुगंधी पालेभाजी आणि बटाट्याच्या पिठाच्या रुंद पारदर्शक शेवया, इतके असताना शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

नदीकाठ

मी चोंगछिंगला एका पुलाच्या कामावर तीन वर्षे होतो, सहकुटुंब. बीजिंगचे वर्णन वाचून असे वाटले, की दक्षिणेची बाजू मांडलीच पाहिजे, कारण थंडीतल्या हॉट पॉटची खरी गरज दक्षिणेत कळते.

चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी एक रेषा मानतात. तिच्या उत्तरेकडे हिवाळ्यात घरे मध्यवर्ती पद्धतीने तापवली जातात, दक्षिणेकडे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात ठरलेली ही विभागणी मोठ्या प्रमाणात आजही टिकून आहे. चोंगछिंग रेषेच्या दक्षिणेला आहे. तेथे जानेवारीत पारा ६ ते १० अंशांच्या दरम्यान असतो, म्हणजे ऐकायला महाबळेश्वरच. पण सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही, हवा ओलीचिंब असते, भिंती गार पडतात आणि गादीत शिरले की ती दमट लागते. आम्ही घरात कोट घालून बसायचो. माझ्या पत्नीला पहिल्या हिवाळ्यात हाता-पायांच्या बोटांना खाजरी सूज आली होती. अशा घरात इंडक्शन शेगडीवर रस्सा उकळायला ठेवला, की अर्ध्या तासात खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळू लागायचे आणि मुले कोट काढायची. तिकडे हॉट पॉट हे जेवण आणि शेकोटी दोन्ही असते.

तिथला हॉट पॉट यांगत्झे आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावरच्या धक्क्यांवर, नावाडी आणि हमाल यांच्यात वाढला असे मानतात. खाटकाकडे स्वस्तात मिळणारे आतड्या-कोथळ्याचे भाग ते मिरची, ह्वाजिआओ आणि चरबीच्या रश्श्यात शिजवत. त्या उग्र मसाल्याने वास झाकला जाई आणि अंगात ऊब येई. नऊ घरांची चौकट असलेले भांडे तिथेच दिसते. अनोळखी माणसे एकाच भांड्याभोवती बसून आपापल्या घरात आपले शिजवत, असे तिचे मूळ सांगतात. आज त्या चौकटीचा उपयोग वेगळा होतो : मधल्या घराखाली आच सर्वाधिक, तिथे झटपट शिजणारे जिन्नस, आणि कोपऱ्यांत मंद आच, तिथे बटाटा, रताळे यांसारखे हळू शिजणारे.

कोथळ्याचा काप कसा शिजवावा, याचे सूत्र तिथल्या लहान मुलालाही पाठ असते : "सात वेळा वर, आठ वेळा खाली." चॉपस्टिकची पकड न सोडता काप पंधरा वेळा बुडवायचा-उचलायचा, त्याच्या पुढे गेला की तो वातड होतो. माझी सहा वर्षांची मुलगी चिनी अंक याच सूत्रावर मोजायला शिकली, हे मी अभिमानाने नोंदवतो.

आणि तिळाची पेस्ट तिकडे चालत नाही. वाटीत नुसते तिळाचे तेल, त्यात ठेचलेला कच्चा लसूण आणि कोथिंबीर. कढत घास त्यात बुडवला की निवतो, आणि तिखटाची धारही बोथट होते. तो लाल रस्सा कुणी पीत नाही. नवख्यांनी तो प्रयोग करू नये.

पाटावरवंटा

सर्वांचे लेखन वाचनीय आहे, परंतु धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. टेबलावर सगळे एकत्र बसले हे खरे. पण त्याआधी वीस बशा कुणी भरल्या? कोबी कुणी धुतला, कमळाचे देठ कुणी सोलले, तीळ कुणी घोटले? नाईनाईंनीच ना? आणि नंतर त्या वीस बशा कुणी घासल्या? चूल टेबलावर आल्याने बाईचे काम संपले असे म्हणणे मला घाईचे वाटते. मी पुण्यात दोनदा हॉट पॉट केला आणि दोन्ही वेळा चार तास ओट्याशी उभी होते.

शिशिरपान

तुमचा आक्षेप रास्त आहे. पूर्वतयारीचे काम मी वर्णनातून गाळले, ही माझी चूक झाली. त्या घरात मांस कापणे आणि कोळसा पेटवणे येयेंचे, तीळ घोटणे नाईनाईंचे आणि भाज्या निवडण्याला आम्ही सगळे दुपारी साडेचारलाच गेलो होतो. माझ्या नवऱ्याने आणि मुलाने कोबी धुतला. बशा त्यांच्या मुलाने घासल्या. प्रत्येक घरात असेच होत असेल, असे मी म्हणू शकत नाही.

तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यातले सगळे काम जेवणाच्या आधीचे किंवा नंतरचे आहे आणि त्यासाठी वर्षांच्या सरावाचा हात लागत नाही. भाकरी थापायला माझ्या आईचाच हात लागतो, म्हणून ती अडकते. कोबी कुणीही धुवू शकते. तुम्ही चार तास उभ्या राहिलात, त्या वेळी घरातली बाकीची माणसे कुठे होती, हे मी विचारले तर राग मानू नये.

पाटावरवंटा

राग मुळीच नाही. ती दिवाणखान्यात होती. पुढच्या वेळी सुरी आणि विळी दिवाणखान्यातच नेऊन ठेवते.

उंबरठा

एक इशारा लिहिणे कर्तव्य समजतो. मागच्या डिसेंबरात नाशिकजवळ शेतावरच्या खोलीत आम्ही दोन कुटुंबे होतो. असेच वाचून-पाहून कोळशाच्या शेगडीवर पितळी पातेले ठेवले आणि गारठा होता म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या. तासाभरात माझ्या मेहुणीचे डोके ठणकू लागले, पुतण्याला उलटी झाली. आम्हाला वाटले, खाण्यातून काही बाधले असावे. माझ्या वडिलांनी मात्र ताडकन उठून दार उघडले आणि सर्वांना अंगणात काढले. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. आम्ही थोडक्यात वाचलो. कोळशाचे तांब्याचे भांडे हौसेने आणले असेल, तर ते उघड्या अंगणात वापरावे. खोलीत इंडक्शन शेगडीच बरी.

शिशिरपान

उंबरठा, हे लिहिलेत ते फार बरे झाले. येयेंनी उणे सातमध्ये स्वयंपाकघराची खिडकी आणि दार पूर्ण उघडे ठेवले होते आणि आई सारखी "ती खिडकी लाव" म्हणत होती. त्यांनी ती का लावू दिली नाही, हे मी मूळ लेखातच सांगायला हवे होते. आमच्या स्वतःच्या घरी आम्ही विजेवर चालणारे भांडे वापरतो.

जुनीपाने

या जेवणाचे एक जुने वर्णन मला फार प्रिय आहे. तेराव्या शतकात, दक्षिण सोंग राजवटीत, लिन होंग नावाच्या लेखकाने ते नोंदवले. तो वूयी पर्वतात एका साधकाला भेटायला गेला असता बर्फ पडत होते. त्याला ससा मिळाला, पण रांधणारा कुणी नव्हता. यजमानाने सांगितले, की आमच्याकडे डोंगरात मांसाचे पातळ काप करून मद्य आणि मसाल्यात मुरवतात, चुलाणे पंगतीतच ठेवून अर्धे भांडे पाणी उकळतात आणि ज्याने त्याने आपल्या काडीने काप बुडवून, हलवून खायचा. पाच-सहा वर्षांनी राजधानीत एका मित्राच्या घरी त्याला पुन्हा हेच जेवण दिसले आणि ते डोंगरातले बर्फ आठवले. ही रीत सोपी तर आहेच, शिवाय गोल बसून ऊब घेण्याचा आनंदही तीत आहे, अशा अर्थाचे वाक्य त्याने पुढे लिहिले आहे. तेव्हा चीनमध्ये मिरची पोचलेली नव्हती, हे कोकणकडा यांच्या माहितीला जोडून वाचावे.

रानवाट

युन्नानच्या रानमशरूमचा हॉट पॉट कुणी खाणार असेल, तर एवढेच सांगते : तिथे वाढपी टेबलावर वेळ मोजणारे घड्याळ लावतात आणि ते वाजेपर्यंत कुणालाही रश्श्यात चमचा घालू देत नाहीत, कारण तिथली काही मशरूम अर्धीकच्ची राहिली तर विषबाधा होते. भूक लागली म्हणून घाई करू नका.

नदीकाठ

शिशिरपान, गोठवलेला टोफू मला कधीच जमला नाही. आमचा नेहमी विरघळून जायचा. तो विकतच आणावा लागतो का?

शिशिरपान

मुळीच नाही. घट्ट टोफू घ्या. मऊ, रेशमी टोफू घेतला असेल तर तो विरघळणारच. त्याचे चौकोन करून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते वितळले की टोफूत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके राहतात. सकाळी काढून पाणी हलक्या हाताने दाबून टाकावे. रश्श्यात तो स्पंजासारखा रस ओढतो. म्हणूनच तो उशिरा, मांसाचा अंश पाण्यात उतरल्यावर टाकायचा आणि खाताना जपून चावायचा, कारण आतले पाणी जिभेवर फुटते. माझ्या मुलाची जीभ दर हिवाळ्यात एकदा तरी भाजते.

योगायोगाने हाच प्रश्न काल आईने फोनवर विचारला. ती आता साताऱ्याला परतली आहे आणि परवा माझे भाऊ-भावजय, त्यांची मुले आणि काकू अशा आठ माणसांसाठी तिने हे जेवण मांडले. तिळाची पेस्ट तिने घरीच पाट्यावर वाटली. खाटीक पातळ काप करून देईना, म्हणून तिने खिम्याचे लहान गोळे केले. आणि नुसत्या पाण्याऐवजी तिने मटणाचे अळणी, म्हणजे हळद-मिठात शिजवलेले निवळ पाणी, वापरले. हे मला इतके दिवस सुचले नव्हते, याचे मला नवल वाटते, कारण आमच्या घरी तांबडा रस्सा होण्याआधी लहान मुलांच्या वाटीत नेहमी तेच पडायचे.

मी नाईनाईंना बोलावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी अळणीची कृती दोनदा विचारून घेतली आणि हळदीने तांब्याच्या भांड्याची कल्हई पिवळी पडेल का, असा प्रश्न केला. आईचे उत्तर असे, की चिंच आणि राखेने घासली की निघेल. भाकऱ्या तिने आधीच थापून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या गार झाल्या होत्या का, असे मी विचारले, तर ती म्हणाली, "झाल्या होत्या थोड्या, पण अळणीत बुडवल्यावर काय कळतंय?"